साधी यंत्रे : व्याख्येकडून प्रतीतीकडे

पहार, कात्री, अडकित्ता, विहिरीवरील कप्पी, गाडीत पोती चढविण्यासाठी लावलेली फळी ही साधी यंत्रे मुलांच्या नित्य पाहण्यातील आहेत. तथापि वर्गात हा विषय निघाला म्हणजे मुले व्याख्या घोकू लागतात. ‘यंत्रामुळे काम कमी होते’ हे वाक्य अनेक वह्यांत आढळते, आणि ते चुकीचे आहे. यंत्राने लागणारे बल कमी करता येते. काम कमी होत नाही. हा भेद केवळ शब्दांनी पटत नाही, तो हातास जाणवावा लागतो. त्यासाठी पुढील तीन प्रयोग उपयोगी पडतील.

१. तरफ : ३० सेंटिमीटरची पट्टी १५ च्या खुणेपाशी षट्कोनी पेन्सिलीवर तोलावी. पेन्सिल हा टेकू होय. एकाच प्रकारची पाच नाणी घेऊन त्यांपैकी चारांची चवड टेकूपासून ३ सेंटिमीटरवर ठेवावी. नाण्यांचा मध्य खुणेवर यावा. दुसऱ्या बाजूस एकटे नाणे कोठे ठेवले असता पट्टी तोलून राहील, हे मुलांस आधी विचारावे व त्यांचे अंदाज फळ्यावर लिहावेत. मग नाणे सरकवीत न्यावे. १२ सेंटिमीटरच्या सुमारास तोल साधतो. चार गुणिले तीन बारा, एक गुणिले बारा बारा, हे मुले स्वतःच ताडतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडलेला तरफेचा नियम तो हाच. आता एकट्या नाण्याची बाजू बोटाने हळूच दाबावी. चवड जेवढी वर जाते, त्याच्या चौपट नाणे खाली येते. बल चौथाई लागले, पण अंतर चौपट कापावे लागले. या पाठाचे मर्म येथेच आहे.

२. उतरण : ६० सेंटिमीटर लांबीच्या फळीचे एक टोक २० सेंटिमीटर उंच करावे. खेळण्यातील चाकांच्या गाडीत खडे भरून ती रबराने प्रथम सरळ वर उचलावी व नंतर फळीवरून ओढावी. दोन्ही वेळा ताणलेल्या रबराची लांबी मोजावी. उतरणीवर ताण कमी असतो. मात्र २० सेंटिमीटर चढण्यास ६० सेंटिमीटर चालावे लागते. गाडी उलटी करून ओढल्यास रबर अधिक ताणते. घर्षणाची ओळख येथे सहज होते.

३. कप्पी : दोऱ्याचे रिकामे रीळ तारेत ओवून टांगावे व त्यावरून दोरी टाकून खड्यांची पुरचुंडी उचलावी. रबर जवळजवळ तेवढेच ताणते. विहिरीवरील स्थिर कप्पीने घागर हलकी होत नाही. बलाची दिशा बदलते आणि खाली ओढताना शरीराचे वजन उपयोगी पडते. आता रीळ पुरचुंडीस बांधावे, दोरीचे एक टोक वर खिळ्यास अडकवावे व दुसरे वर ओढावे. ताण पुष्कळ कमी होतो. परंतु पुरचुंडी १० सेंटिमीटर उचलण्यास दोरी २० सेंटिमीटर ओढावी लागते.

प्रयोग वर्गातच करावेत; विहिरीच्या काठी मुलांस नेऊ नये. चार-पाच मुलांचे गट करावेत व प्रत्येकाच्या हाती साहित्य येईल असे पाहावे. मुलांनी प्रयोग करावयाचा आणि मुलींनी नोंदी लिहावयाच्या, अशी वाटणी होऊ देऊ नये. आलेला आकडा नियमाशी जुळला नाही तर तो खोडावयास लावू नये. कारण शोधावयास सांगावे. आकडा जुळविण्याची सवय लागलेले मूल प्रयोग करूनही पाठांतरच करीत असते.

परीक्षेतही ‘तरफ म्हणजे काय?’ एवढेच न विचारता, ‘डब्याचे घट्ट झाकण चमच्याने उघडताना टेकू कोठे असतो? चमचा लांब घेतल्यास काय होईल?’ असे विचारावे. ज्याने पट्टीवर नाणे सरकविले आहे, त्यास याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.