उलटीची गोळी, भीतीची गोळी

कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी आपल्या जिल्ह्यातले अनेक रुग्ण नागपूरला जातात. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरहून पहाटेची एस.टी. धरायची आणि रात्री परतायचे. त्यांचे नातेवाईक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असा : उलटीची गोळी जीव घाबरल्यावर दिली तर चालेल का? दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो : "डॉक्टरसाहेब, यातली एक गोळी वेड्यांना देतात म्हणे. मग आमच्या आईला का दिली?"

दोन्ही प्रश्नांचा संबंध सेरोटोनिन या रसायनाशी आहे. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी ते रक्तातून वेगळे काढले. मेंदूचे रसायन म्हणून ते प्रसिद्ध असले तरी शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. केमोथेरपीच्या औषधांनी, विशेषतः सिस्प्लॅटिनने, लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी दुखावतात आणि त्यांतून सेरोटोनिन बाहेर पडते. जवळच्या मज्जातंतूंवर जणू त्याची कुलपे असतात. त्यांत ही किल्ली फिरली की मेंदूला निरोप जातो व उलटी होते. ऑनडॅनसेट्रॉन हे औषध त्या कुलपात आधीच जाऊन बसते. म्हणूनच ते केमोथेरपीच्या आधी देतात. अमेरिकेत त्याला १९९१ साली मंजुरी मिळाली. त्यापूर्वी सिस्प्लॅटिन घेणाऱ्याच्या उशाशी बादली ठेवावी लागे, आणि उलट्यांना कंटाळून उपचार अर्धवट सोडणारेही होते.

भीतीने पोटात गोळा येतो, असे आपण म्हणतोच. शास्त्रज्ञांनाही या औषधाकडून तशीच आशा होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर प्रयोग झाले. पेटीचा एक भाग उजेडाचा, एक अंधाराचा. उंदीर एरवी अंधारात दडतो, पण औषध दिलेला उंदीर उजेडात धीटपणे फिरू लागला. माणसांवर मात्र निकाल एकसारखे आले नाहीत आणि चिंतेच्या विकारासाठी या औषधाला मान्यता मिळाली नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. (गाडी लागते त्यावरही या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.) उगाच घेतली तर डोके दुखते, शौचाला खडा होतो. हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

काहींना रुग्णालयाचे फाटक दिसताच, सुई टोचण्याआधीच ओकारी येते. घरच्यांना ते नाटक वाटते. ते नाटक नव्हे. मागच्या खेपेचा त्रास मेंदूने लक्षात ठेवलेला असतो. येथे ऑनडॅनसेट्रॉन कमी पडते. पहिल्याच खेपेला उलटी नीट रोखली तर ही वेळ सहसा येत नाही. म्हणून घरी आल्यावर किती उलट्या झाल्या, मळमळ किती दिवस राहिली, हे पुढच्या खेपेपूर्वी तिथल्या डॉक्टरांना जरूर सांगा. औषध बदलता येते, वाढवता येते.

आता दुसरी गोळी, ओलान्झापिन. ती मानसिक आजारासाठीच निघाली, हे खरे. पण ती सेरोटोनिनच्या व डोपामिनच्या अनेक कुलपांवर बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेंगाळणारी मळमळही आटोक्यात ठेवते. अडचण गुंगीची होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त त्याचे निष्कर्ष आले : लहान मात्रा उलटी रोखण्यात मागे पडली नाही, आणि दिवसाची झोप कमी झाली. म्हणजे भीतीसाठी आजमावलेली उलटीची गोळी तिथे हरली, आणि मनाच्या आजाराची गोळी उलटीवर चालली!

आईला ही गोळी दिली म्हणजे तिला वेडी ठरवले असे नाही. ती केमोथेरपीच्या दिवसापासून साधारण चारच दिवस असते. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती बंद करू नका. त्या दिवसांत रुग्णाला दुचाकी चालवू देऊ नये, आणि रात्री लघवीला उठताना कुणीतरी हात धरावा.