एकच घटक, दोन मांडण्या : संकेतस्थळाच्या साच्यातील एक प्रश्न

नांदेड व लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ ह्या एकाच चौकटीवर उभी आहेत. सूचना, दस्तऐवज, पर्यटनस्थळे हे विभाग उभयत्र सारखेच. तथापि त्यांत भरावयाचा मजकूर एकसारखा नाही. नांदेड जिल्ह्यात तालुके 16, तर 1982 साली उस्मानाबादेतून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात ते 10. चार स्तंभांत तालुक्यांची नावे मांडणारा एखादा घटक योजला, तर नांदेडची यादी चार पूर्ण ओळींत बसते. लातूरच्या यादीत मात्र दोन ओळींनंतर दोनच नावे उरतात. अडचण क्षुल्लक दिसते खरी, परंतु एका चौकटीतून अनेक स्थळे चालविणाऱ्यांना जो प्रश्न सतत सोडवावा लागतो, त्याचेच हे लहान रूप होय.

तो प्रश्न समजण्यासाठी तीन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. घटक, म्हणजे मॉड्यूल, माहिती गोळा करतो. मांडणी त्या माहितीला क्रम व रचना देते. रंग, अक्षर, अंतर ही थीमची बाब. स्तंभ चार असावेत की पाच, हा वस्तुतः तिसऱ्या वर्गातील प्रश्न आहे. शैलीपत्रकातील एका ओळीने तो सुटतो आणि त्यासाठी मांडणीच्या फाइलीस हात लावण्याचे कारण नाही. याउलट एका ठिकाणी नुसती नावे व दुसऱ्या ठिकाणी नाव, कार्यालय आणि दूरध्वनी असा तक्ता हवा असेल, तर रचनाच भिन्न होते. दृष्टिहीन वाचकास पृष्ठ ऐकविणारे साधन हीच रचना वाचते, रंग वाचत नाही. म्हणून हा भेद केवळ सोयीचा नाही.

मांडणी बदलण्याची पद्धत ‘जूमला’ ह्या प्रणालीत विशेष स्पष्टपणे दिसते. ही प्रणाली 2005 साली ‘मॅम्बो’पासून फुटून निघाली. तिचे नाव स्वाहिलीतील ‘सर्व मिळून’ अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. तो शब्द मुळात अरबी, आणि जुन्या मराठी हिशेबांत एकूण बेरजेस ‘जुमला’ म्हणत तोही त्याच घराण्यातला. घटकाची मूळ मांडणी त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते. परंतु ती उचलण्यापूर्वी प्रणाली चालू साच्याच्या ‘एचटीएमएल’ फोल्डरात त्या घटकाच्या नावाचे दालन आहे काय, हे पाहते. तेथे त्याच नावाची फाइल सापडली तर तीच वापरली जाते; न सापडली तर मूळ मांडणी. 2008 मधील 1.5 ह्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मूळ घटकास धक्का न लावता त्याचे रूप बदलता येते, हे तिचे मर्म होय.

मात्र येथेच एक खोच आहे. 1.6 ह्या आवृत्तीने, 2011 साली, एका साच्याच्या अनेक ‘शैली’ करण्याची मुभा दिली. एका विद्यापीठाच्या स्थळावर नांदेडच्या परिसराच्या पानांना एक आणि लातूरच्या उपकेंद्राच्या पानांना दुसरी शैली सहज लावता येईल. पण त्या सर्व शैलींचा ‘एचटीएमएल’ फोल्डर एकच. एका शैलीसाठी बदललेली मूळ नावाची मांडणी म्हणूनच दुसरीतही उमटते. त्याच आवृत्तीत आलेल्या पर्यायी मांडणीने यातून वाट काढता येते : वेगळ्या नावाची फाइल त्याच दालनात ठेवावी, घटकाची दुसरी प्रत करून ती फक्त लातूरच्या पानांना जोडावी आणि तिच्या ‘प्रगत’ पर्यायांत ती मांडणी निवडावी.

ह्या निवडीचा एक परिणाम नवख्याच्या ध्यानात येत नाही. प्रणाली केवळ मांडणीचे नाव साठवीत नाही, तर साच्याचे नावही त्याच्यापुढे जोडून ठेवते. पुढे पृष्ठाचा साचा बदलला तरी घटक जुन्याच साच्याच्या फोल्डरात मांडणी शोधीत राहतो, आणि नव्या शैलीपत्रकास अपरिचित असलेली रचना पृष्ठावर येते. जुना साचा काढूनच टाकला, तर घटक निमूटपणे मूळ मांडणीवर परततो. चुकीचा संदेश येत नाही, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. मांडणीतील भेद थोडा असेल, तर दोन प्रती न करता एकाच मांडणीने चालू शैलीचे पर्याय वाचावेत, हे अधिक शहाणपणाचे.

2022 मधील 4.1 आवृत्तीने ‘बाल-साचा’ ही सोय आणली. त्यात प्रथम बाल-साच्यातील, मग पालक-साच्यातील व शेवटी घटकातील मांडणी पाहिली जाते. वर्डप्रेसच्या ‘चाइल्ड थीम’चेही तत्त्व असेच आहे. मांडण्या खरोखरच भिन्न असतील तेथे ह्याच वाटेने जावे.

रोमन लिपीसाठी घडविलेली थीम मराठीस लावताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये अंतर वाढविण्याची रीत देवनागरीत शिरोरेघ तोडते. ठराविक उंचीच्या चौकटीत ‘मुदखेड’चा उकार वा ‘किनवट’ची वेलांटी कापली जाते. ‘शिरूर अनंतपाळ’ हे नाव अरुंद स्तंभात दोन ओळी घेते, त्यामुळे सर्व चौकटी समान उंचीच्या धरून केलेली मांडणी विस्कटते. हे सर्व दोष शैलीपत्रकातच दुरुस्त होतात.

बदललेल्या मांडणीची खरी जोखीम पुढील काळात उद्भवते. ती मूळ फाइलीची प्रत असते. मूळ घटकात सुरक्षेची दुरुस्ती झाली तरी प्रतीत ती आपोआप येत नाही. मजकूर पृष्ठावर छापण्यापूर्वी त्यातील घातक चिन्हे निष्प्रभ करण्याचे काम पुष्कळदा मांडणीतच होत असल्याने, जुनी प्रत म्हणजे उघडे राहिलेले दार ठरू शकते. प्रणाली अद्ययावत करणारा मात्र निश्चिंत असतो. जूमलाच्या 2021 मधील चौथ्या आवृत्तीपासून मूळ फाइल बदलल्याची सूचना व्यवस्थापकास मिळते. दोन्ही फाइली ताडून पाहण्याचे काम अर्थातच त्याच्याकडेच राहते.