थेंबांची छपाई

१९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, तेव्हा छपाईसाठी त्यांना रायपूरच्या छापखान्याकडे यावे लागले. खिळे जुळवावे, त्यांवर शाई फिरवावी, मग कागद दाबावा, असा तो व्यवहार होता. प्रत एक हवी असो वा हजार, जुळणीचे कष्ट तेच. आज त्याच रायपुरात मराठी घरातल्या मुंजीच्या पत्रिका मेजावरच्या लहानशा इंकजेट यंत्रातून निघतात. त्यात खिळा नाही आणि दाबही नाही. शाईचे थेंब अंतरावरून कागदावर उडविले जातात.

थेंब उडविणे म्हटले की रंगपंचमीची पिचकारी आठवते. ती कल्पना चुकीची नाही, माप मात्र निराळे. यंत्राच्या मुखाला केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. काही यंत्रांत छिद्रामागची शाई सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात तापून तिच्या वाफेचा बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब बाहेर ढकलतो. बुडबुडा विरला की नवी शाई आत ओढली जाते. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत उष्णता नसते. विजेने आकार बदलणारा स्फटिक शाईला दाबतो. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढ्या चार शायांच्या ठिपक्यांतून सारे रंग उभे राहतात. उरलेले मिश्रण आपला डोळाच करतो.

एकच रंगीत प्रत, तीही घरबसल्या, हे या यंत्राचे मोठे सुख. पण घोडा स्वस्तात मिळावा आणि चंदीने दिवाळे काढावे, तशी पुष्कळांची गत शाईपायी होते. टाकीत शाई भरण्याच्या यंत्रांनी तो खर्च बराच उतरविला आहे. शिवाय रायपूरचा मे महिना! पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, हवा कोरडी असते, आणि स्वस्थ बसलेल्या यंत्राच्या छिद्रांत शाई वाळते. ती मोकळी करण्यातही शाईच खर्ची पडते. म्हणून आठवड्यातून एखादे रंगीत पान काढीत राहावे.

गेल्या आषाढात माझा भाचा नोकरीचा अर्ज छापून तात्यापाऱ्याहून निघाला आणि वाटेत पावसात सापडला. बॉलपेनची सही शाबूत राहिली, वरचे नाव मात्र वाहून गेले. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई भिजली की पसरते. सूक्ष्म रंगकणांची शाई कागदाला धरून राहते. शाई घेताना एवढे विचारावे. त्याने दुसरा अर्ज कणांच्या शाईत छापला, तेव्हा मुदतीला दोनच दिवस उरले होते.