गाडी तीच, पण कागदावर ट्रक!

2000 साली अमेरिकेत क्रायस्लरची पीटी क्रूझर आली. चार दरवाजे, पाच सीट, मागे डिकी. रस्त्यात दिसली तर तुम्ही-आम्ही तिला कारच म्हणू. पण मायलेजच्या सरकारी हिशोबात ती होती 'लाइट ट्रक'. कारण काय, तर मागची सीट काढली की सपाट फ्लोअर मिळायचा, आणि नियमातल्या ट्रकच्या व्याख्येत तेवढं बसत होतं.

यात कंपनीचा फायदा काय? त्यासाठी कॅफे नावाचा नियम बघू (कॉफीवाला नाही). 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने 1975 मध्ये कायदा केला. अट एकेका गाडीला नाही, कंपनीच्या त्या वर्षीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजला. पण गट वेगळे. पीटी क्रूझर आली तेव्हा कारसाठी 27.5 मैल प्रति गॅलन (लिटरला साधारण 11.7 किमी) आणि लाइट ट्रकसाठी फक्त 20.7 (साधारण 8.8 किमी).

ही सरासरी आपली शाळेतली नाही हं. 10 आणि 30 मायलेजच्या दोन गाड्या 300-300 मैल चालवा. 30 आणि 10 असं 40 गॅलन पेट्रोल लागेल. 600 भागिले 40, म्हणजे सरासरी 15. 20 नाही!

आता समजा, एका कंपनीच्या तीन कार आहेत, मायलेज 30, 30 आणि 23. दोन ट्रक आहेत, दोन्ही 20 चे. सगळ्यांचा खप सारखाच. कारची सरासरी येते 27.2, ट्रकची 20. दोन्ही गट नापास. आता 23 वाली गाडी ट्रकमध्ये टाका. कार झाल्या 30, ट्रक झाले 20.9. दोन्ही पास! 'अ' तुकडीतला ढ मुलगा 'ब' तुकडीत गेला की दोन्ही तुकड्यांचा निकाल सुधारतो, तसंच. पेट्रोल मात्र एक थेंबही वाचलं नाही. आमच्या धंद्यात याला टेस्ट पास होण्यापुरता कोड लिहिणं म्हणतात.

सुबारूने 2005 च्या आउटबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स वाढवला आणि तिची सेडानसुद्धा ट्रक ठरली. सेडान!

पुढे नियम बदलले. 2011 च्या मॉडेल्सपासून टू-व्हील ड्राइव्हच्या छोट्या एसयूव्ही कारच्या गटात आल्या. पण फोर-व्हील ड्राइव्ह असेल आणि पाचपैकी चार मापं जमली (उदाहरणार्थ 20 सेंमी क्लिअरन्स), तर ट्रकची सवलत अजून मिळते. म्हणून एकाच मॉडेलचा एक व्हेरिएंट कार आणि दुसरा ट्रक असू शकतो. शिवाय आता टार्गेट चार चाकांमधल्या जागेच्या क्षेत्रफळावरून ठरतं. गाडी मोठी, तर टार्गेट सोपं. कंपन्यांना यातून काय सुचेल ते सांगायला नको.

1975 मध्ये तिथल्या नव्या गाड्यांत सेडान-वॅगन सुमारे 80 टक्के होत्या. 2023 पर्यंत त्या जेमतेम पाव उरल्या. सगळा दोष या नियमाचा नाही, लोकांना उंच गाड्या आवडतातच. पण माझ्या मते नियमाने त्या आवडीला चांगलाच हातभार लावला.

भारतातही 2017 पासून कॅफे आहे. इथे कार आणि एसयूव्ही एकाच गटात मोजतात, पण कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादाही सैल होते. आणि एक इलेक्ट्रिक कार विकली की हिशोबात तीन धरतात.