गिटारचा आवाज आणि घरची शांतता

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यातील अनेक व्यापारी कुटुंबांचे घर दुकानाच्या वर असते, नाहीतर स्थानकाजवळच्या एखाद्या संकुलात. भिंतीला भिंत लागून शेजार असतो. संध्याकाळी दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि आजीचे सामायिक एकाच छपराखाली चालते. शेजारच्या घरीही परिस्थिती निराळी नसते. तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखाने तीन पाळ्यांत चालतात, त्यामुळे भिंतीपलीकडचा माणूस रात्रपाळी करून भरदुपारी झोपलेला असू शकतो.

अशा घरात नववी-दहावीतील मुलाने किंवा मुलीने गिटार मागितली, तर आईवडिलांना पैशांपेक्षा आवाजाची चिंता अधिक वाटते. गिटार येते, शिकवणी लागते. पण सरावाला बसले की कोणीतरी ‘हळू’ म्हणते. असे चार-सहा महिने गेले की गिटार कपाटावर जाते आणि मूल ‘मला जमत नाही’ असे मानू लागते. वस्तुतः न जमण्याचा प्रश्न नसतो. सरावाला जागाच मिळालेली नसते. टेबलावर मावणारा मॉडेलिंग ॲम्प्लिफायर ही जागा मिळवून देऊ शकतो. मात्र तो काय करतो आणि काय करीत नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

प्रथम दोन गिटारींमधील फरक पाहू. साधी, म्हणजे अकूस्टिक गिटार लाकडाच्या पोकळ शरीरामुळे वाजते. तारेचे कंपन ते पोकळ लाकूड मोठे करते. पालघर जिल्ह्यातील वारली बांधवांच्या तारप्याला वाळलेला भोपळा आणि पुढे पानांचा कर्णा असतो. तेथेही वाद्याचे शरीरच आवाज वाढवते. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेटोळ्यात अत्यल्प वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर तिला ऐकू येण्याजोगे रूप देतो. भूपिंदर सिंग यांनी १९७१ मध्ये ‘दम मारो दम’ या गाण्यात आणि १९७३ मध्ये ‘चुरा लिया है तुमने’ या गाण्यात गिटार वाजवली. पहिल्यात इलेक्ट्रिक गिटार आहे, दुसऱ्यात बारा तारांची अकूस्टिक. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली, तर दोन्ही वाद्यांचे स्वभाव किती भिन्न आहेत ते आपोआप कळते.

इलेक्ट्रिक गिटारचे जगप्रसिद्ध आवाज व्हॉल्व्हच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून आले. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी आणि इंग्लंडमध्ये १९६२ पासून जिम मार्शल यांनी असे ॲम्प्लिफायर घडवले. व्हॉल्व्हवर त्याच्या क्षमतेपलीकडे भार टाकला की आवाज किंचित फाटतो, त्यात नवे स्वर मिसळतात आणि वादकांना तोच फाटका आवाज प्रिय असतो. अडचण एवढीच की तो आवाज मिळवण्यासाठी यंत्र जवळजवळ पूर्ण ताकदीने चालवावे लागते. रंगमंचावर ते शोभते. दोन खोल्यांच्या घरात ते अशक्य आहे.

मॉडेलिंगने ही गाठ सोडवली. गिटारकडून आलेला संदेश यंत्रातील चिप अंकांत बदलते. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी या सर्वांनी त्या संदेशाचे काय केले असते, याचे गणित क्षणार्धात मांडते आणि उत्तर पुन्हा आवाजात बदलून देते. अमेरिकेतील लाइन सिक्स या कंपनीने १९९६ मध्ये असा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. पुढे आकार लहान होत गेला. यामाहाचा टीएचआर १० हा २०११ मध्ये आला. दहा वॅट, दोन छोटे स्पीकर आणि हव्या तर आठ पेन्सिल सेलवर चालण्याची सोय. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क २०२० मध्ये ग्राहकांच्या हाती पडला. चाळीस वॅट, चार इंची दोन स्पीकर आणि मोबाइलशी जोडणी. फाटका आवाज आता गणितातून येत असल्यामुळे तो कुजबुजीच्या पातळीवरही मिळतो.

अकूस्टिक गिटार त्याच यंत्राला जोडायची असेल तर अधिक सावधपणा हवा. जुन्या पद्धतीचा गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे देत नाही. इलेक्ट्रिक गिटारला ते मानवते; अकूस्टिकची चमक मात्र त्याच वरच्या भागात असते. म्हणून दोन्ही गिटारींसाठी एकच यंत्र घ्यायचे, तर त्याचा स्पीकर संगीत ऐकण्याच्या स्पीकरसारखा सर्व स्वर देणारा असावा आणि अकूस्टिकसाठी वेगळी जागा असावी. येथे एक शब्द पुष्कळांना चकवतो. काही यंत्रांवर ‘अकूस्टिक’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ इलेक्ट्रिक गिटारला अकूस्टिकसारखे ऐकवणे असा असतो; रोलंडच्या मायक्रो क्यूबवरील ही खूण त्याच अर्थाची आहे. टीएचआर १० वरील खूण मात्र पिकअप असलेल्या अकूस्टिक गिटारसाठी आहे. शब्द एक, उपयोग दोन. दुकानदाराला हे विचारूनच घ्यावे.

शिवाय, घरातील अकूस्टिक गिटारला पिकअप आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर वायर जोडायला जागाच नसते. मधल्या गोल छिद्रावर बसणारा पिकअप निराळा घ्यावा लागतो. पिकअप असलेल्या पुष्कळ गिटारींत नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती संपत आली की आवाज पातळ आणि खरखरीत होतो, आणि दोष विनाकारण ॲम्प्लिफायरच्या माथी मारला जातो. पोकळ गिटार स्पीकरच्या अगदी समोर धरली तर शिट्टीसारखा आवाजही येतो. बाजूला बसावे, तो थांबतो.

व्यापारी मनाला ‘दहा वॅटपेक्षा चाळीस वॅट चौपट’ हा हिशेब सरळ वाटतो. ध्वनीचा हिशेब तसा चालत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. म्हणजे चाळीस आणि दहा वॅटमधला फरक सहा डेसिबलचा. घरासाठी दहा वॅटही भरपूर होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल हे प्रमाण ठरवले आहे. सर्वसाधारण बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की रात्रीची मर्यादा किती अरुंद आहे ते उमगते. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

रात्री उपयोगी पडतो तो हेडफोन. अशा बहुतेक यंत्रांना त्याची जागा असते. वायर लावली की स्पीकर गप्प होतो. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो. बोट आता पडते, स्वर मागून येतो. अशा स्थितीत ताल सांभाळणे अशक्य होते. यंत्रातील ब्लूटूथचा खरा उपयोग मोबाइलवरचे गाणे किंवा तबल्याचा ठेका त्याच स्पीकरवर लावून सोबत वाजवण्यासाठी आहे. हेडफोनचा आवाजही बेताचा ठेवावा; कानाला झालेली इजा बहुधा भरून निघत नाही.

या सोयींबरोबर एक धोकाही येतो. मोबाइलशी जोडलेल्या यंत्रात आवाजांचे असंख्य नमुने मिळतात. मूल तासभर नमुने बदलत राहते आणि सराव दहा मिनिटांचाही होत नाही. घसारा यंत्रावर लागतो तसा वेळेवरही लागतो, फक्त तो कोणत्याही वहीत दिसत नाही. यावर सोपा उपाय आहे. शिक्षकांच्या सल्ल्याने तीन आवाज निश्चित करावेत: एक स्वच्छ, एक किंचित फाटका, एक अकूस्टिकसाठी. बाकीचे नमुने रविवारी पाहावेत.

किनारपट्टीची हवा दमट आणि खारी असते. पावसाळ्यात तारांवर गंज चढतो आणि वायरच्या टोकांवर मळ बसतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. गिटारच्या पिशवीत आणि यंत्राच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. यंत्र सेलवर चालत असेल, तर वापर नसताना सेल काढून ठेवावेत. सतत गुरगुर ऐकू आली, तर घरातील अर्थिंग विजेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. गुरगुर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढण्याचा प्रयोग कदापि करू नये.

खरेदी घरबसल्या करता येते. तरी एकदा पश्चिम रेल्वेने मरीन लाइन्स गाठून धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत ऐकून यावे. घरच्या दोन्ही गिटारी सोबत न्याव्यात. आधी आवाज अगदी कमी ठेवून ऐकावे, कारण घरी यंत्र त्याच पातळीवर चालणार आहे. मग अकूस्टिक जोडून पाहावी, वायरचा हेडफोन लावून पाहावा, हमी आणि दुरुस्तीची सोय विचारावी आणि पक्के बिल घ्यावे. निवड मुलाने करावी, रक्कम पालकांनी ठरवावी. घरी आल्यावर स्पीकरची वेळ कोणती आणि हेडफोनची कोणती, हे आजी-आजोबांसह सर्वांनी एकत्र बसून ठरवावे आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. वेळ ठरली की मुलाला चोरून वाजवावे लागत नाही, आणि घरातील कोणालाही ‘हळू’ म्हणत उठावे लागत नाही.