एका अक्षराची करामत

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात हुशार, खेळात चपळ. पण दूध म्हटले की तोंड वाकडे करायचा. धाकटी बहीण दोन-दोन पेले पिते आणि याचेच एवढे नखरे, म्हणून घरी आई रागवायची. एकदा सहलीत सर्वांना दूध दिले, तेव्हा त्याने नको म्हटले. मीही त्याला चारचौघांत बोललो. बिचाऱ्याने मुकाट्याने पेला रिकामा केला. परतीच्या वाटेवर त्याचे पोट फुगले, मुरडा येऊ लागला आणि दोनदा गाडी थांबवावी लागली. तो नखरे करत नव्हता. चूक माझी होती.

त्याच्या पोटात काय घडले असेल? दुधात एक विशेष साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. ही साखर जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही. आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. ते काम लहान आतड्यातील लॅक्टेज नावाचे विकर करते. लॅक्टेज पुरेसे नसेल तर साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते. तेथील जिवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो, आतड्यात पाणी ओढले जाते आणि पोट बिघडते.

दूधपित्या वयात जवळजवळ प्रत्येक बाळाजवळ लॅक्टेज भरपूर असते. पुढे अंगावरचे दूध सुटले की ते हळूहळू कमी होत जाते. मांजर, गाय, उंट अशा सर्व सस्तन प्राण्यांत असेच घडते. माणसांतही जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ते कमी झालेले असते. तेव्हा हा आजार नव्हे. खरे नवल उरलेल्या लोकांचे आहे. त्यांचे लॅक्टेज मोठेपणीही कमी का होत नाही? कोल्हापूरला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण, म्हणजे नुकतेच काढलेले कोमट दूध पेलेच्या पेले रिचवणारे लोक तुम्ही पाहिले असतील!

याचे उत्तर डीएनएमध्ये आहे. आपल्या पेशीत डीएनएचे अतिशय लांब धागे असतात. त्यांवर ए, टी, जी आणि सी अशा फक्त चार अक्षरांत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. या मजकुरातील ज्या भागात एखादे प्रथिन कसे बनवावे हे लिहिलेले असते, त्याला जनुक म्हणतात. लॅक्टेजचेही एक जनुक आहे. उर्दूत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. तसे जनुकातील एक अक्षर बदलले तर प्रथिन बिघडू शकते. मग दूध न पचणाऱ्यांच्या लॅक्टेजच्या जनुकात असाच बदल झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. त्यांनी तपासून पाहिले, तर दोघांचे जनुक सारखेच निघाले!

आता आपल्या कबनूरच्या यंत्रमागांकडे वळू. मागावर कोणते कापड निघणार हे त्यावर लावलेल्या सुतावरून आणि नक्षीवरून ठरते. पण दिवसभरात किती मीटर निघणार हे नक्षी सांगत नाही. ते बटण किती वेळ चालू आहे यावर अवलंबून असते. जनुकाचेही असेच आहे. प्रथिन कोणते हे जनुक सांगते. ते कोठे, कधी आणि किती बनवायचे हे डीएनएचे दुसरे भाग ठरवतात. तीही अक्षरेच, पण त्यांचे काम बटणाचे.

लॅक्टेजचे बटण २००२ साली सापडले. फिनलंडमधील नऊ मोठ्या कुटुंबांचा डीएनए शास्त्रज्ञांनी ताडून पाहिला. फरक एकाच अक्षराचा होता आणि तो लॅक्टेजच्या जनुकापासून १३,९१० अक्षरे दूर, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटात होता. तेथे मुळात सी असते. ज्यांना मोठेपणीही दूध पचत होते, त्यांच्यात तेथे टी होते.

इतक्या लांबचे अक्षर जनुकापर्यंत पोहोचते कसे? कांडीवर गुंडाळलेले सूत आठवा. सुतावर दूर असलेले दोन बिंदू कांडीवर एकमेकांना चिकटून बसू शकतात. डीएनएचा धागाही असाच वळतो आणि बटण जनुकाजवळ येते. पेशीतील काही प्रथिने या बटणावर बसून जनुकाला चालना देतात. टी अक्षर असेल तर ती तेथे अधिक घट्ट बसतात. म्हणून जनुक जोमाने चालू राहते.

प्रत्येकाजवळ या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्हींत टी असेल तर लॅक्टेज भरपूर, एकीत असेल तर मध्यम, पण दूध पचायला बहुधा पुरेसे. दोन्हींत सी असेल तर मोठेपणी फारच थोडे. समजा, वडिलांजवळ एक टी आणि एक सी आहे आणि आईजवळ दोन्ही सी आहेत. मग मुलीला वडिलांचे टी मिळेल आणि मुलाला सी, असे सहज होऊ शकते. एकाच चुलीवरचे दूध, पण दोघांच्या पोटांत वेगळे वागणारे!

याहून आश्चर्याची गोष्ट पुढे कळली. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांनाही दूध पचते, पण त्यांच्यात हे टी फारसे नाही. २००७ साली त्यांच्यात जवळचेच दुसरे अक्षर बदललेले आढळले. २००८ साली अरबस्तानातील लोकांत तिसरेच आढळले. तेथे उंटिणीचे दूध पितात. हे सर्व बदल शंभर-सव्वाशे अक्षरांच्या एकाच पट्ट्यात आहेत. आणि आपल्याकडे? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतात मुख्यतः युरोपातलेच टी सापडले. ते वायव्येकडे जास्त असून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जाते. गुरे पाळणाऱ्या समाजांत ते अधिक आहे.

बटणाची गोष्ट दुधापुरती नाही. नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या जनुकातच एक अक्षर बदललेले असते. पण आईच्या पोटात असताना आपण हिमोग्लोबिनचा दुसरा प्रकार वापरतो आणि त्याचे जनुक जन्मानंतर जवळजवळ बंद पडते. भारतातील पुष्कळ रुग्णांत या जनुकाच्या अगदी आधीचे एक अक्षर वेगळे असते. अशांच्या रक्तात बाळपणीचे हिमोग्लोबिन जास्त टिकते आणि अनेकदा आजाराचा जोर कमी राहतो. (हे काम त्या एकाच अक्षराचे नाही, इतर कारणेही आहेत.) २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशींतील एक बटण मुद्दाम कापतात, म्हणजे बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होते. खर्च मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना जेवणाबरोबर एखादा लहान पेला चालतो. दह्यात जिवाणूंनी काही साखर आधीच संपवलेली असते, म्हणून दही, ताक सोसते. मात्र दुधाने अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तेथे डॉक्टरकडेच जायला हवे.

सहलीनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला हे सगळे सांगितले. तेव्हापासून त्या घरात दुधाचा पेला बहिणीपुढे आणि दह्याची वाटी भावापुढे असते.