जपान दूर, जवळ माहूर

फॉरेन टूरच्या जाहिरातींमध्ये हल्ली जपान जोरात आहे. त्या टूरमध्ये चार गोष्टी हमखास असतात : देवळं, किल्ले, ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे. आता गंमत बघा. ह्या चारही गोष्टी आमच्या बोरी अरबहून एस.टी.ने जाता येईल इतक्या जवळ आहेत! हसू नका, पुढे वाचा.

ज्वालामुखी

जपानमध्ये शंभराच्या वर जिवंत ज्वालामुखी आहेत, कारण तिथे पृथ्वीच्या प्लेट्स एकमेकींखाली सरकतात. आपला ज्वालामुखी मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला जपानच्या फुजीसारखं शिखर नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आज तो दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याचं नाव 'डेक्कन ट्रॅप'. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'बेसॉल्ट इज ॲन इग्नियस रॉक' असं घोकलं. पण वावरातली काळी माती म्हणजे तोच बेसॉल्ट झिजून झालेली, हे तिथे कोणी सांगितलं नाही. आपला कापूस लाव्हावर पिकतो, राव!

किल्ला आणि देऊळ

बोरीहून दारव्हा, आर्णी करत माहूर गाठा. जिल्हा नांदेड, पण यवतमाळच्या सीमेलगतच. रेणुकामातेचं दर्शन घ्या, मग रामगड किल्ला चढा. लाव्हाचा कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो. म्हणून डोंगराचा माथा सपाट आणि कडे उभे राहतात. निम्मा किल्ला निसर्गानेच बांधलेला, माणसाने फक्त तटबंदी जोडली! इथली पांडवलेणीसुद्धा ह्याच दगडात कोरलेली आहेत.

देवळासाठी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला कमळेश्वर बघा. हे हेमाडपंती बांधकाम. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, त्याच्यावरून हे नाव पडलं. चुना न वापरता दगडात दगड अडकवायचा, म्हणजे आपल्या भाषेत 'इंटरलॉकिंग'. जपानच्या हिमेजी किल्ल्याचा 1609 सालचा मनोरा लाकडी आहे, पण त्याचा दगडी पायाही असाच चुन्याशिवाय रचलेला. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.

गरम पाण्याचा झरा

माहूरहून पुढे किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. त्वचेच्या रोगांवर गुण येतो ह्या श्रद्धेने लोक लांबून आंघोळीला येतात. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी खालचा तप्त लाव्हा पाणी तापवतो. मग आपला लाव्हा तर कधीच थंड झालाय, इथे पाणी कोण तापवतं?

उत्तर सोपं आहे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने पटकन वर येतं. वरचं पाणी 27 अंशांचं धरलं, तर एक किलोमीटर खाली ते पन्नाशी ओलांडतं. वर येता येता थोडं निवतं, इतकंच. जपानच्या कायद्यात 25 अंशांच्या पाण्यालाही 'ओन्सेन' म्हणतात. म्हणजे उनकेश्वर पास, तेही डिस्टिंक्शनमध्ये! मात्र जपानी माणूस आधी बाहेर अंग धुतो आणि मगच कुंडात उतरतो. ही शिस्त आपणही उचलावी. साबण आणि शाम्पूच्या पुड्या बॅगेतच राहू द्या.

शिबल्याचे खांब

सर्वात महत्त्वाचं शेवटी. आपल्याच जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यात शिबला नावाचं गाव आहे. तिथे सहा बाजूंचे दगडी खांब एकाला एक चिकटून आहेत. कुणी घडवल्यासारखे वाटतात, पण लाव्हा सावकाश थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि हे खांब झाले. वाळलेल्या तळ्यातल्या चिखलाला भेगा पडतात तसंच. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ह्याच प्रकारची, पण आज ती इमारतींनी घेरलेली आहे.

जपानमध्ये असे खांब गेनबुदो इथे आहेत. बेसॉल्टचा जपानी शब्द 'गेनबुगान' ह्या जागेवरूनच आला. तिथल्या लोकांनी एकेकाळी हे आयते घडवलेले दगड काढून बांधकामाला वापरले. त्यातूनच तिथली गुहा तयार झाली. शेवटी 1931 मध्ये ती जागा राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक ठरली आणि आज तिकीट काढून लोक ती बघतात.

आपल्याकडे काळा दगड म्हणजे गिट्टी, इतकाच हिशोब असतो. गिट्टी लागणारच, आपलं होस्टेलही तिच्यावरच उभं आहे. पण गिट्टीसाठी दगड कुठेही मिळेल, शिबल्याचे खांब दुसरीकडून आणता येणार नाहीत. एकदा क्रशरमध्ये गेले की 6.6 कोटी वर्षं संपली. म्हणून पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला जोडून एक दिवस शिबल्याला जाऊ या. मोजमाप घेऊ, फोटो काढू आणि माहितीचा एक मराठी फलक तयार करून ग्रामपंचायतीला देऊ. सिव्हिलने ड्रॉइंग करावं, मेकॅनिकलने वेल्डिंग. कॉम्प्युटरवाले टाइप करतीलच!

जपानला पुढे नोकरी लागल्यावर जाऊच. तोवर दारव्हा डेपोची गाडी आहे.